तुम्ही विचारलंत म्हणून: एल गेल्यावर ‘डेथ नोट’ का ढेपाळते?

‘पहिले पंचवीस भाग जागून संपवले, पुढचे बारा मात्र ढकलत ढकलत बघितले. असं का होतं?’ ‘डेथ नोट’बद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न हाच. ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका: लाइट नावाच्या मुलाला, नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही मिळते, ‘किरा’ या नावाने तो गुन्हेगारांना मारू लागतो, आणि एल हा गुप्तहेर त्याच्या मागावर असतो. उत्तरात शेवटापर्यंतची सगळी रहस्यं फुटणार आहेत, तेव्हा मालिका बघायची असेल तर इथेच थांबा.

मालिका पुढे संथ होते, असं बहुतेकांचं म्हणणं. हिशेब नेमका उलटा आहे. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १०८ प्रकरणांचा आणि एल मरतो ५८व्या प्रकरणात. मॅडहाउस स्टुडिओच्या २००६-०७च्या ॲनिमेत तिथवर पोचायला २५ भाग लागतात, म्हणजे भागाला साधारण सव्वादोन प्रकरणं. उरलेली जवळपास ५० प्रकरणं १२ भागांत बसवली आहेत आणि त्यातला २६वा भाग बराचसा उजळणीतच जातो. वेग जवळजवळ दुप्पट झालाय, आणि बघणाऱ्याला वाटतं मालिका रेंगाळली.

कारण थरारकथेत आपण घटना मोजत नसतो. कुणाला काय कळलं आणि ते कळल्यावर तो काय करायचं ठरवतो, याची वाट बघत असतो. त्या ठरवण्याला पडद्यावर वेळ मिळाला नाही तर दहा घटना घडूनही काही घडल्यासारखं वाटत नाही.

सातवा भाग पुन्हा बघा. माजी एफबीआय एजंट नाओमी मिसोराला किराबद्दल महत्त्वाचं काही कळलंय आणि ती नेमकी लाइटलाच भेटते. तो बोलता बोलता तिचं नाव वहीत लिहितो, पण ती मरत नाही, कारण सांगितलेलं नाव खोटं होतं. मग बर्फ पडत असताना रस्त्याने चालत नुसतं बोलणं. तिने खरं नाव सांगावं म्हणून लाइट एकेक डाव टाकतो. ते मिळाल्यावर तो घड्याळ बघतो आणि तिला सांगतो की किरा मीच. हे सांगायची काहीच गरज नव्हती! पण दुसऱ्या भागात टीव्हीवरच्या एका माणसाने ‘दुष्ट’ म्हटल्याबरोबर चिडून त्याला मारणारा, आणि त्यातूनच आपण जपानच्या कांतो भागात आहोत हे एलला कळू देणारा लाइट तो हाच. संवाद लांबवल्यामुळे त्याची घमेंड आपल्याला स्वच्छ दिसते. वहीचे नियमही इथे कामाला येतात: नाव लिहिल्यापासून ४० सेकंद, तपशील लिहायला आणखी ६ मिनिटं ४० सेकंद. प्रसंग किती ताणायचा याचं माप कथेतच ठरलेलं आहे.

एलचंही तसंच. तो चुकतो, संशयाचे टक्के सांगतो, विद्यापीठाच्या प्रवेश समारंभात लाइटला ‘मी एल’ सांगून स्वतःच धोका पत्करतो. एलनंतर त्याची जागा घेणारा निअर येतो तो उत्तरं घेऊनच. खेळणी मांडत बसतो, निष्कर्ष ऐकवतो, आणि ते बहुतेक बरोबरच निघतात. तो कुठे अडला, कशाला घाबरला, हे बघायला मिळत नाही. धोका पत्करतो तो एलच्या जागेचा दुसरा दावेदार, मेलो. त्याने किराची प्रवक्ती ताकादा हिला पळवलं नसतं तर लाइटसाठी वहीत नावं लिहिणारा मिकामी चुकला नसता आणि निअरचा डाव फसला असता. पण मेलो हे नेमकं का करतो, ते त्याच्या बाजूने दाखवलेलंच नाही, आणि त्याचं मरण तर पटकन उरकलंय. हा दोष मांगातही आहे. ॲनिमेने त्यात घाईची भर घातली. निअरचा सहकारी गेवानी एका रात्रीत अख्खी वही हुबेहूब उतरवतो, हे न पटण्याचं कारणही तेच.

लाइटबद्दल म्हणाल, तर चोविसाव्या भागात, वहीचा ताबा सोडल्यामुळे गेलेली त्याची स्मृती परत येते तिथे त्याच्याबद्दलचा शेवटचा खरा प्रश्न संपतो. त्याआधीचा, वही विसरलेला लाइट सज्जन वाटतो. हाच मुलगा वहीशिवाय कसा झाला असता, ही कल्पनाच विलक्षण. नंतर एकदाच तशी संधी येते. २९व्या भागात वडील मृत्यूच्या दारात आहेत. मृत्युदेवाशी सौदा करून मिळवलेल्या डोळ्यांनी त्यांना मुलाचं उरलेलं आयुष्य दिसतं; वहीच्या मालकाचं ते दिसत नाही, म्हणजे तो किरा नाही, या समाधानात ते जातात. आणि लाइट त्यांना मेलोचं नाव लिहायला विनवत राहतो. या प्रसंगानंतर दोन भाग तरी घरात, बहिणीजवळ, त्याच्या खोलीत थांबायला हवं होतं. मालिका लगेच पुढच्या तपासाकडे वळते.

तुलनेला ‘मॉन्स्टर’ ही दुसरी ॲनिमे मालिका घ्या. तिला तर सगळेच संथ म्हणतात. १६२ प्रकरणं ७४ भागांत, म्हणजे इथेही भागाला साधारण सव्वादोन, पण हे माप शेवटपर्यंत सुटत नाही. ग्रिमर हे पात्र कथेच्या उत्तरार्धात येतं, तरी त्याचं रडणं काळजाला भिडतं, कारण तोवर त्याचं शिकलेलं, खोटं हसू आपण पुरेसं बघितलेलं असतं.

मग करायचं काय? पंचविसाव्या भागानंतर ॲनिमे बाजूला ठेवा आणि मांगा ५९व्या प्रकरणापासून वाचा. निअरच्या चालींमागचा विचार तिथे निदान पायरीपायरीने उलगडतो. मग फक्त ३७वा भाग बघा, तोही शेवट ताडून बघण्यासाठी. ॲनिमेत जखमी लाइट पळत सुटतो आणि जिन्यावर शांतपणे मरतो. मांगात तो गोदामातच मृत्युदेव रयुकपुढे ‘मला मरायचं नाही’ म्हणून गयावया करतो. ॲनिमेचा शेवट दिसायला देखणा आहे. लाइटला शोभतो तो मांगातला.