साडेतीन मिनिटांचे गाणे आणि शेवटची एस.टी.

बेळगावच्या एका मराठी दैनिकात मी बरीच वर्षे चित्रपट परीक्षणे लिहिली आणि आता चित्रपटांच्या इतिहासावर पॉडकास्ट करतो. या कामात बोलण्यापेक्षा पडताळणीच अधिक असते, कारण मुंबईत चित्रपट लागल्याची तारीख आमच्या भागाला लागू पडत नाही. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी चित्रपट व्यवसायाने वितरणासाठी पाडलेल्या विभागांत तो मुंबई टेरिटरीतच, म्हणजे मुंबई विभागातच राहिला. त्यामुळे मराठी चित्रपटाची प्रिंट मुंबई, पुणे, कोल्हापूर असा प्रवास करून, पुरेशी झिजून मगच निपाणी किंवा खानापूरच्या थिएटरात पोहोचत असे. हा प्रवास कोणत्याही संदर्भग्रंथात नीट नोंदवलेला नाही. म्हणून मी थिएटरात प्रोजेक्टर चालवणाऱ्या जुन्या ऑपरेटरांना शोधून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो.

अशाच एका निवृत्त ऑपरेटर काकांकडे मी निपाणीला गेलो होतो. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या किती वेळ जळत आणि रिळ बदलताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी खूण कशी टिपावी लागे, हे सारे सांगून झाल्यावर त्यांनी माळ्यावरून पत्र्याचा एक डबा काढायला लावला. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की हा वास येतो आणि एकदा सुरू झालेली ही कूज थांबत नाही, फक्त थंडाव्यात ठेवून लांबवता येते. आत कृष्णधवल फिल्मची गुंडाळी होती. एका मराठी चित्रपटातले ते गाणे होते आणि काकांनी ते स्वतः कापलेले होते.

रात्रीचा खेळ लांबला की आसपासच्या गावांची शेवटची गाडी चुकत असे. "माणसं रातभर स्टँडवर बसायची वो, सर. म्हणून गाणं कापलं आणि माणसं घरला धाडली," असे ते म्हणाले. प्रिंट परत पाठवण्यापूर्वी तुकडा पुन्हा जोडायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. त्या वेळी मात्र वितरकाचा माणूस रातोरात प्रिंट घेऊन गेला आणि तुकडा डब्यातच राहिला.

पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते. साडेतीन मिनिटांचे गाणे म्हणजे सुमारे 315 फूट फिल्म. ती कापणे सोपे असते, आवाज सांभाळणे अवघड. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या खाली असतो, म्हणून प्रत्येक चौकटीचा आवाज फिल्मवर तिच्या सुमारे 20 चौकटी आधी छापलेला असतो. त्यामुळे गाणे काढले तरी त्याचा सुरुवातीचा जवळजवळ सेकंदभराचा आवाज मागच्या प्रसंगाच्या फिल्मवर उरतो आणि पुढच्या प्रसंगाचा पहिला उद्गार कापलेल्या तुकड्याच्या शेवटी अडकून जातो. सामान्य ऑपरेटर याकडे दुर्लक्ष करी आणि जोडावर सुरांचा एक तुटका आचका ऐकू येई. काका फिल्मच्या कडेला छापलेल्या तेवढ्या आवाजाच्या पट्टीवर काळी शाई फिरवून तो भाग गप्प करत. हे कसब त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि ज्या परीक्षकांनी आयुष्यभर संकलनावर लिहिले त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक असेल.

त्यांच्या परवानगीने मी तुकड्याची दोन्ही टोके स्कॅन करून आणली आणि बेळगावातल्या एका ध्वनिमुद्रक मित्राने शेवटच्या 20 चौकटींवरील आवाजाची पट्टी संगणकावर वाचली. एका बाईचा "आलास?" एवढाच उद्गार ऐकू आला. या चित्रपटाची आज सगळीकडे फिरणारी व्हिडिओ प्रत मी काढून पाहिली. तिच्यात हे गाणे नाही. उंबऱ्यावर उभी असलेली आई मुलाला काही विचारते, तिचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाही. सेकंदभराची शांतता होते आणि मग संवाद मध्येच सुरू होतो. त्याच्या आधीच्या चौकटींवर पडद्याच्या डाव्या बाजूला एक उभी रेघ आहे. काकांच्या तुकड्याच्या पहिल्या चौकटीवर तीच रेघ, त्याच जागी, पुढे चालू आहे. प्रोजेक्टरमधून फिरताना पडलेले असे ओरखडे दोन प्रिंटांवर तंतोतंत सारखे पडत नाहीत.

म्हणजे व्हिडिओसाठी वापरली गेलेली प्रिंट निपाणीहून परत गेलेलीच होती. आज हा चित्रपट पाहणारे सगळे जण निपाणीतल्या त्या रात्रीची आवृत्ती पाहत आहेत, आणि काही अभ्यासकांनी तर गाणे नसण्यामागे दिग्दर्शकाचा संयम असल्याचे लिहिलेही आहे. दुसरी पूर्ण प्रत सापडेपर्यंत मी चित्रपटाचे नाव जाहीर करणार नाही.

हे काकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. प्रमाणित चित्रपटात फेरफार करणे कायद्याने गुन्हा आहे हे त्यांच्या मुलाला ठाऊक आहे आणि वडिलांच्या उतारवयात त्यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून पॉडकास्टचा हा भाग प्रसारित करू नका, असे तो मला सांगतो. काकांचे म्हणणे वेगळे आहे: नाव घ्या, पण गाडीचेही सांगा.

माझ्या मते दोष त्यांचा नाही. ज्या व्यवसायाने कृष्णधवल प्रिंटा चांदी काढण्यासाठी वितळवल्या आणि व्हिडिओ काढताना समोरची प्रिंट पूर्ण आहे की नाही हेही तपासले नाही, त्याने हे गाणे हरवले. काकांनी तर ते जपून ठेवले. परंतु ऐकणारे लोक ही गुंतागुंत ऐकतील की "गाणे कापणारा ऑपरेटर" एवढेच उचलतील, याचा भरवसा मला देता येत नाही, आणि मुलाची भीतीही खोटी नाही.

फिल्म आखडू लागली आहे. निर्णयाची वाट पाहत तिला माळ्यावर ठेवता येणार नाही. संपूर्ण तुकडा स्कॅन करून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सोपवण्यास बापलेक दोघेही तयार झाले आहेत. नोंदीत कापणाऱ्याचे नाव लिहायचे की नाही, यावर मात्र त्यांच्यात अजून एकमत झालेले नाही आणि तोवर तो भाग मी प्रसारित करणार नाही.