हाउजीचं तिकीट घेऊन अप्पा बळवंत चौकात

"इयत्ता कुठली? बोर्ड?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या पुस्तकबाजारात, म्हणजे अप्पा बळवंत चौकात, कुठल्याही काउंटरपाशी उभं राहा, पहिले प्रश्न हेच. मी म्हटलं, "इयत्ता नको, गोष्टीचं पुस्तक हवंय. नऊ वर्षांच्या मुलाला, मराठी." काउंटरवरच्या गृहस्थांनी असं पाहिलं, जणू मी ऐन दिवाळीत पिचकारी मागितली. माझ्या मागे एक बाई आठवीचा संच आणि दोन डझन शंभरपानी वह्या सांगत होत्या, त्यांच्या मागे आणखी सातआठ जण. "गोष्टीची माळ्यावर आहेत. वीस तारखेनंतर या, निवांत दाखवतो."

चिरंजीव माझा दुपट्टा ओढत होते. त्यांच्या हातात कार्ड होतं आणि कार्डावरचा एक चौकोन रिकामा होता.

हे कार्ड म्हणजे काय, ते सांगते. आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या एका लहानशा गावात राहतो. तिथली शाळा मेअखेरीस सुटते ती ऑगस्टच्या मध्यावर भरते. एवढ्या सुट्टीत पोरं वाचायची विसरतात, ही तिकडच्या मास्तरांची जुनी धास्ती. तिला नावही आहे, 'समर स्लाइड', म्हणजे सुट्टीतली घसरगुंडी. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयं उन्हाळाभर वाचनाचे कार्यक्रम चालवतात आणि त्यांच्या जोडीला गावोगावची पुस्तकांची दुकानंही. आमच्या गावच्या दुकानाचं कार्ड आपल्या हाउजीच्या तिकिटासारखं असतं. आडवे पाच, उभे पाच चौकोन. 'झाडाखाली बसून वाचलेलं', 'आजीआजोबांना मोठ्याने वाचून दाखवलेलं', 'मुखपृष्ठ आवडलं नाही तरी उचललेलं'. सगळे चौकोन भरले की एक पुस्तक बक्षीस. आमचा अडलेला चौकोन होता 'दुसऱ्या भाषेतलं पुस्तक, दुसऱ्या गावच्या पुस्तकवाल्याने सुचवलेलं', आणि शेजारी त्या पुस्तकवाल्याच्या सहीला जागा.

या दुकानाशी माझी ओळख मात्र अस्सल पुणेरी पद्धतीने झाली. पहिल्याच खेपेला मी काउंटरवर विचारलं, "डिस्काउंट किती?" मालकीणबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, छापील किमतीला. आता छापील किमतीला पुस्तक घ्यायचं म्हणजे आमच्या घरात वाया गेलेली पोरगी. एबीसीत, म्हणजे अप्पा बळवंत चौकात, दहापंधरा टक्के तर न मागता मिळायचे. मग मी सोयीचा मार्ग काढला. दुकानात जायचं, पुस्तकं चाळायची, नावाचा फोटो काढायचा आणि घरी येऊन फोनवरून स्वस्तात मागवायचं. हे मी तब्बल वर्षभर केलं.

त्या दुकानात कपाटाच्या कडेला हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. तिथे काम करणाऱ्यांनी वाचून स्वतः लिहिलेल्या. एकीवर लिहिलं होतं, 'याच्यामुळे माझी बस चुकली. दोनदा.' मी त्या चिठ्ठीचाच फोटो काढत होते आणि ती लिहिणारी मुलगी शेजारीच पुस्तकं लावत होती. तिने पाहिलं आणि नुसतं विचारलं, "तुम्हाला कशी वाटतात अशी पुस्तकं?" मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण किंमत मोजली. घरी येईपर्यंत मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले, तो भाग वेगळा.

नंतर हिशेब कळला. दुकानाला पुस्तक साधारण चाळीसपंचेचाळीस टक्के कमी किमतीत मिळतं. त्यातून भाडं, पगार, वीज. न खपलेली पुस्तकं बहुतेक प्रकाशक परत घेतात, ही पद्धत १९३०च्या दशकातल्या मंदीतली, पण परत पाठवायचा खर्च दुकानाचाच. एवढ्यात मला दहा टक्के कुठून द्यायचे?

आणि तिथे नुसती पुस्तकविक्री चालतच नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी देशभरातल्या अशा स्वतंत्र दुकानांचा दिवस असतो. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरुवात झाली, पुढच्या वर्षी देशभर पसरला. पण आमच्या घरचा सण जुलैत येतो, वॉल्डोचा. लालपांढऱ्या पट्ट्यांचा सदरा आणि चष्मा घातलेला, गर्दीच्या चित्रात शोधून काढायचा तो पुस्तकातला बुवा. त्याचे वीतभर पुठ्ठ्याचे पुतळे गावातल्या वीसेक दुकानांत लपवतात. मुलांनी तो शोधायचा, त्या दुकानाचा शिक्का कार्डावर घ्यायचा आणि शेवटी पुस्तकाच्या दुकानात हजर व्हायचं. २०१२ पासून कितीतरी गावांत हे चालतं. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांना न्हाव्याकडचा वॉल्डो काही केल्या मिळेना. तीन चकरा झाल्या. शेवटी न्हावीदादांनीच, "केस कापायला बस, मग दिसेल," असं सांगितलं. बसल्यावर आरशात दिसला, पाठीमागच्या पंख्यावर. तोवर अर्धे केस कापून झाले होते. हुशारी कोणाची म्हणायची?

बुधवारी संध्याकाळी मोठ्यांसाठी मूक वाचन असतं. या प्रकाराचा उगम सॅन फ्रान्सिस्कोचा, २०१२ चा. आपापलं पुस्तक आणायचं, तासभर वाचायचं, बोलायचं नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बोलायचंच नाही तर घरी वाचायला काय झालं? पेट्रोल जाळत जायचं कशाला?" मला उत्तर सुचलं नव्हतं. मग डिसेंबर २०२४ मध्ये पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने 'शांतता... पुणेकर वाचत आहेत' झालं आणि आईनेच सोसायटीच्या बायकांचा वाचतानाचा फोटो पाठवला. सगळ्या खुर्च्या एका रांगेत. मी पेट्रोलचा विषय काढला नाही.

लेखक भेटीला येतो तेव्हा दुकानात तीसेक घडीच्या खुर्च्या मांडतात. त्या मांडायला मी आता आपणहून जाते, आणि दरवेळी मला आजोबा आठवतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पांढरा शर्ट चढवून ते वसंत व्याख्यानमालेला निघायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली, म्हणून चुकवायची नाही, हा त्यांचा नियम. टिळक स्मारक मंदिरात पुढची जागा मिळावी म्हणून ते अर्धा तास आधी पोचायचे. मला त्या व्याख्यानांतलं अक्षर कळायचं नाही. परतीच्या वाटेवरच्या उसाच्या रसासाठी मी जायचे. ओहायोत ना रस ना रानडे, पण अर्धा तास आधी येऊन पहिल्या रांगेत बसणारे आजोबा तिकडेही आहेत. आणि प्रश्नोत्तरांत प्रश्न सोडून स्वतःचंच व्याख्यान देणारेही.

तर, कार्ड. अप्पा बळवंत चौकातून रिकाम्या हाताने निघालो आणि मी त्याला माझ्या लहानपणीच्या वाचनालयात घेऊन गेले. सदाशिव पेठेतलं, जिन्याखालचं. मे महिन्यात मी तिथे सकाळी पुस्तक न्यायचे आणि दुपारी परत घेऊन हजर. काका चष्म्यावरून बघायचे. "वाचलंस?" "हो." "सांग शेवटी काय होतं." सांगितलं तरी, "दिवसाला एकदाच बदलायचं. उद्या ये." असे चाळीसेक उन्हाळी दिवस मी दुपारभर शेवटची पानं परत परत वाचत काढले आहेत.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा बसतो, चष्मा तोच वाटला. त्याने कार्ड हातात घेऊन पंचवीसही चौकोन वाचले. मग उठला आणि 'किशोर'चे जुने दिवाळी अंक काढून दिले. "पुस्तक नंतर. आधी यातली चित्रं बघू दे, मग शब्द आपोआप येतील." चिरंजीव तिथेच पायरीवर बसले. 'ळ' आला की थांबून माझ्याकडे बघायचे. अर्ध्या तासाने दोन गोष्टी झाल्या आणि पावसाचा पहिला सडाका जिन्यापर्यंत आला.

सही मागितली तर म्हणाला, "सही कशाला, शिक्का आहे." लाकडी मुठीचा, तारखेचा. शाईच्या पॅडवर दाबला, मग हात वरच्या वर थांबवून मला विचारलं, "बक्षीस काय म्हणालात?"

"एक पुस्तक."

"फुकट?"

"हो."

"मग शेजारच्या चौकोनावरपण मारू का?"