किट घालणं सोपं, काढणं अवघड

सांगली जिल्ह्यात कोविडचे पहिले रुग्ण सापडले ते इस्लामपुरात, २३ मार्च २०२० ला. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे. महिना संपायच्या आत आकडा वीसच्या पुढे गेला आणि जनरल वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या आमच्यासारख्या सिस्टरांच्या कोविड ड्युटीच्या ऑर्डरी निघायला लागल्या. माझीही निघाली, मिरजेत.

टीव्हीवर तेव्हा पांढऱ्या पीपीई किटमधली, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या संरक्षक पोशाखातली, माणसं सारखी दिसायची. बघणाऱ्याला वाटायचं, एकदा ते अंगावर चढलं की माणूस सुरक्षित. पण घालताना किट कोरं असतं, अंगात दम असतो. काढताना बाहेरच्या बाजूला काय चिकटलंय ते दिसत नाही. मिरजेचा एप्रिल-मे, पंखे बेताचे, सहा तास पोटात पाण्याचा थेंब नाही, आतले कपडे घामानं चिंब. कधी एकदा हे सगळं ओरबाडून काढतो असं होतं, आणि नेमका तेव्हाच हात चेहऱ्याकडे जातो.

म्हणून आमच्याकडे डॉफिंगच्या, म्हणजे किट काढायच्या खोलीत कुणी एकटं जायचं नाही, हा नियम होता. एकजण काढणार, दुसरा लांब उभा राहून मोठ्यानं सांगणार. आधी बाहेरचे ग्लोव्हज, मग हाताला सॅनिटायझर. चेन उघडायची, टोपी मागं सारायची आणि किट आतून बाहेर असं गुंडाळत खाली न्यायचं, म्हणजे बाहेरची बाजू आतच राहते. पुन्हा हात. गॉगल मागच्या पट्टीला धरून. पुन्हा हात. एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर. आधी खालचं इलॅस्टिक, मग वरचं, मास्कच्या पुढच्या भागाला बोट लावायचं नाही. घाई करणाऱ्याला दार अडवून थांबवलेलं मी पाहिलंय, आणि ते योग्यच होतं. थकलेल्या माणसाच्या आठवणीवर हे काम सोडता येत नाही.

हाताचं म्हणाल तर सॅनिटायझर वीस ते तीस सेकंद चोळायचा, साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ सेकंद. तळवे सगळेच धुतात. राहतात ते अंगठे, नखं आणि बोटांच्या बेचक्या. आणि ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ, हा समज तर शिकलेल्यांतही होता. त्याच ग्लोव्हजनं पेशंट, त्याच ग्लोव्हजनं केसपेपर, त्याच ग्लोव्हजनं फोन! यावर मी खूप भांडले.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ट्रेनिंग झालं ते डॉक्टरांचं आणि आम्हा सिस्टरांचं. खोलीतला तक्ता इंग्रजीत. आणि त्याच खोलीत फरशी पुसायला, वापरलेली किटं भरलेल्या पिशव्या उचलायला जायच्या त्या आमच्या मावशी आणि वॉर्डातले मामा. बहुतेक कंत्राटी. पेशंटची बेडपॅन तेच द्यायचे, तोंड पुसायला तेच असायचे. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मी वर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘त्यांना सांगा, सांभाळून करा म्हणावं.’ मला त्या उत्तराचा आजही राग येतो.

मग इनचार्ज सिस्टरांनी आणि मी सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मार्करनं मराठीत पायऱ्या लिहिल्या, शेजारी चित्रं काढली आणि दाराला चिकटवला. शिफ्टच्या आधी मावशींकडून कोऱ्या किटवर घालणं-काढणं करून घ्यायचं. एन-९५ घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायला लावायचा. नाकापाशी हवा निसटली तर पट्टी दाबून पुन्हा.

अडलं ते बांगड्यांवर. कोपरापासून खाली काही नको, कारण बांगडीखालची कातडी धुतली जात नाही आणि काच लागली तर ग्लोव्ह फाटतो. एका मावशींच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, नवरा जित्ता हाय माजा. मोकळ्या हातानं घरी कशी जाऊ?’ यावर नियम दाखवून भागत नाही. मी माझ्या पाटल्या त्यांच्यासमोर काढल्या, रुमालात बांधल्या आणि म्हटलं, ‘मावशी, ड्युटीपुरतं. जाताना घालूनच जायचं.’ त्यांनी साबण लावून एकेक बांगडी सोडवली, मोजून रुमालात ठेवली आणि गाठ दोनदा मारली. दुसऱ्या दिवशी बाकीच्याही रुमाल घेऊन आल्या.

फरशी पुसायच्या जंतुनाशकाचं, हायपोक्लोराइटचंही त्यांच्याकडूनच पक्कं झालं. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर एक मग द्रावणाला चार मग पाणी, म्हणजे एक टक्का. रोज ताजं, कारण क्लोरीन उडून जातो. फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं. ॲसिडमध्ये चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि माणसाच्या अंगावर तर कधीच नाही. तेव्हा ठिकठिकाणी फवारणीचे बोगदे उभे राहिले होते. अंगावर जंतुनाशक मारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, तरी लोक हौसेनं त्यातून जायचे.

कचऱ्याचे नियम मध्येच बदलले. आधी सगळं पिवळ्या पिशवीत जायचं, नंतर प्लॅस्टिकचं किट, गॉगल आणि नायट्राइल रबराचे ग्लोव्हज लाल पिशवीत, मास्क-टोप्या पिवळ्या. पिशवी दुहेरी, वर कोविडचं लेबल. पुठ्ठ्यावर आम्ही रंगीत खडूनं खुणा केल्या. मावशींनी ते आमच्याआधी पाठ केलं आणि नव्या ज्युनियर डॉक्टरांना त्याच टोकायच्या, ‘डॉक्टर, लाल, लाल!’ डॉक्टरही निमूट ऐकायचे.

१६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली, आरोग्य कर्मचाऱ्यांना आधी. यादी तयार होताना आम्ही कंत्राटी मामा-मावशींची नावं आमच्याच वॉर्डाच्या यादीत घातली आणि ती यादीत टिकली का, हे ऑफिसात जाऊन दोनदा तपासलं. टिकली होती. लस घेतल्यावर ‘आता मास्क सोडला तरी चालेल ना?’ असं बरेचजण विचारत. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, खाटा भरल्या, आणि पुठ्ठा फाटला होता म्हणून आम्ही नवा लिहिला. या वेळी अक्षर मावशींच्या मुलीचं होतं.