माझा अनुभव : शिक्षणाधिकारी पदाच्या पदोन्नतीची वाट

आमच्या शिक्षण खात्यात १ जून या तारखेला फार वजन आहे. जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख दाखल्यावर १ जूनच असते, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिलेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मेला आमच्या कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते. शाळा उघडायला जेमतेम पंधरवडा उरलेला असतो. पाठ्यपुस्तकांचं वाटप, शिक्षकांचं समायोजन, आरटीईचे प्रवेश असं सगळं अंगावर आलेलं असतं आणि नेमका तेव्हाच जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी घरी जातो. तो ५८ व्या वर्षी निवृत्त होणार हे रुजू झाल्याच्या दिवसापासून सेवापुस्तकात लिहिलेलं असतं. तरीही त्याच्या जागी येणारा माणूस तयार नसतो.

मी लोकसेवा आयोगामार्फत महाराष्ट्र शिक्षण सेवेच्या गट ब मध्ये आले. आधी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात गटशिक्षणाधिकारी होते, नंतर जिल्हा परिषदेत उपशिक्षणाधिकारी. अशाच एका मेअखेरीस साहेब निवृत्त झाले आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या पदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. पुढे तो कधी माझ्याकडे, कधी माध्यमिकच्या साहेबांकडे, कधी शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे असा फिरत राहिला.

प्रभारी असताना सही करता येते. पगाराची देयकं निघतात, मंत्रालयाने मागवलेली माहिती दुपारी तीनच्या आत जाते, व्हीसी म्हणजे व्हिडिओवरच्या बैठका होतात. अडतं ते निर्णयाचं काम. खाजगी अनुदानित प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेची, म्हणजे त्याच्या नेमणुकीला खात्याने द्यायच्या मंजुरीची, फाईल माझ्यासमोर आली, ती आजही डोळ्यांसमोर आहे. टिपणीच्या पानावर एकाखाली एक शेरे होते. पहिला : ‘चर्चा करावी.’ त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात : ‘नियमित अधिकारी रुजू झाल्यानंतर सादर करावे.’ त्याखाली पुन्हा तेच वाक्य, तिसऱ्या हस्ताक्षरात. तो शिक्षक एवढा काळ रोज शाळेत जाऊन शिकवत होता. मान्यता नाही म्हणून शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव नाही आणि नाव नाही म्हणून पगार नाही. त्याचे वडील एकदा भेटायला आले. टेबलासमोर उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, नवीन साहेब कधी येणार?”

मी संस्था आणि शिक्षक दोघांना बोलावून सुनावणी घेतली, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याचा तक्ता) तपासली, जाहिरात आणि निवडीची कागदपत्रं पाहिली आणि आदेश काढला. तो आदेश नियमाला धरून होता आणि पुढे टिकलाही. पण संस्थेतल्या दुसऱ्या गटाने वर तक्रार केली. त्या तक्रारीचं काय झालं ते पुढे येईलच.

पदोन्नतीची प्रक्रिया कागदावर सरळ आहे. १ जानेवारीच्या स्थितीवर तात्पुरती ज्येष्ठता सूची निघते, त्यावर हरकती येतात, मग अंतिम सूची. निवडसूचीचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट धरतात. त्या वर्षात किती पदं रिक्त होणार ते मोजायचं, पात्र अधिकाऱ्यांची माहिती मागवायची, विभागीय पदोन्नती समितीची बैठक घ्यायची, मान्यता घ्यायची, महसुली विभाग वाटून द्यायचा आणि आदेश काढायचे. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक टप्प्यावर माणसं अडकलेली मी पाहिली आहेत.

पहिला अडथळा तर आम्हा कुणाच्याच हातात नव्हता. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर राज्यभर सगळ्याच खात्यांत पदोन्नत्यांची गती गेली आणि आरक्षित बिंदूंवरची पदं रिकामी राहिली. शेवटी ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या कोट्यातली सगळी पदं, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून, २५ मे २००४ रोजीच्या स्थितीनुसार सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरलं. याच काळात २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, ५ जुलै २०२१ ला लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं निपुण भारत अभियान सुरू झालं. धोरणं येत गेली आणि ती जिल्ह्यात उतरवायची पदं मोकळी होत गेली. हे दोन्ही एकाच वेळी झालं याचं दुःख मला आजही आहे. मागासवर्गीय अधिकाऱ्यांनी या सगळ्यात जे सोसलं ते माझ्या वाट पाहण्यापेक्षा मोठं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

दुसरा अडथळा ज्येष्ठता सूचीचा. आमच्या संवर्गात काही जण सरळसेवेने येतात, काही विस्तार अधिकाऱ्यांतून पदोन्नतीने. कोण कुणाच्या वर, यावरून हरकती, त्यावर सुनावण्या, त्यातून मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. माझं नाव सूचीत बरोबर ठिकाणी होतं, पण सेवेत रुजू झाल्याच्या रकान्यात चुकीचं वर्ष टाईप झालं होतं. मी नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल जोडून मुदतीत हरकत नोंदवली आणि पोच घेतली. तात्पुरती सूची आली की फक्त स्वतःचा क्रमांक बघून बाजूला ठेवू नका, प्रत्येक रकाना वाचा. अंतिम सूचीनंतर दुरुस्ती करून घेणं फार जड जातं.

खरी कसोटी लागली ती कार्यमूल्यमापन अहवालांची. आम्ही अजून त्यांना सीआरच म्हणतो. समिती मागच्या वर्षांचे अहवाल आणि त्यांची प्रतवारी बघते. अहवाल कुणी लिहायचा याचा नियम असा, की प्रतिवेदन अधिकाऱ्याने, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाने, तुमचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असलं पाहिजे. माझे प्रतिवेदन अधिकारी शिक्षणाधिकारी. पण ते पद तर रिकामं! कार्यभार ज्यांच्याकडे जायचा, त्यांचे तीन महिने भरायच्या आत तो काढून दुसऱ्याकडे दिला जायचा. त्यामुळे एका वर्षात माझं काम अनेकांनी पाहिलं आणि अहवाल लिहिण्याचा अधिकार त्यातल्या एकालाही आला नाही. काही काळ तर प्रभार माझ्याकडेच होता.

हा सगळा गुंता मला तिथे कळला. वरचं पद रिकामं असल्यामुळे खालच्या अधिकाऱ्याचा अहवाल लिहिला जात नाही, अहवाल नसल्यामुळे त्याची फाईल ‘त्रुटी’ म्हणून परत येते, आणि फाईल परत आल्यामुळे वरचं पद रिकामंच राहतं. लोक म्हणतात सरकारला पदं भरायचीच नाहीत. वरच्या पातळीवर काय चालतं ते मला माहीत नाही, पण जिल्ह्यात मी पाहिलं ते हे, की रिक्त पदच पुढच्या रिक्त पदाला जन्म देतं.

यातून मार्ग काढला तो आमच्या आस्थापना शाखेतल्या एका वरिष्ठ सहायक भाऊसाहेबांनी. त्यांनी मला कोरा कागद पुढे करून सांगितलं, “मॅडम, आधी तारखा मांडा. कोण कधीपासून कधीपर्यंत.” आम्ही प्रत्येक कार्यभार आदेशाची प्रत काढली आणि तारीखवार तक्ता केला. ज्या वर्षी एका अधिकाऱ्याचे तीन महिने भरत होते त्या वर्षाचा अहवाल त्यांच्याकडून लिहून घेतला. ते तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते, पण त्यांनी मनापासून मदत केली. जिथे कुणाचेच तीन महिने भरत नव्हते तिथे अहवाल का लिहिता येत नाही याचं कारणासह प्रमाणपत्र घेतलं. महापार या अहवालांच्या ऑनलाइन प्रणालीवर स्वयंमूल्यमापन वेळेत भरल्याचे स्क्रीनशॉट मी ठेवले होते, तेही जोडले. भाऊसाहेब त्याच वर्षी निवृत्त झाले. तेही ३१ मेला.

बाकीची कागदपत्रं तशी किरकोळ वाटतात, पण अडवायला एकच पुरतं. ३१ मार्चच्या स्थितीचं मत्ता व दायित्व विवरणपत्र दरवर्षी ३१ मेपर्यंत द्यावं लागतं, त्याच्या सगळ्या वर्षांच्या पोचपावत्या लागल्या. मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण असल्याची किंवा सूट मिळाल्याची नोंद सेवापुस्तकात हवी होती. माझा सूट मिळाल्याचा आदेश होता, पण सेवापुस्तकात नोंद घेतली गेली नव्हती. ती घेऊन साक्षांकन करून घेतलं. संगणक अर्हता, विभागीय परीक्षा, झालं.

आणि मग ना-चौकशी प्रमाणपत्र. इथे ती जुनी तक्रार पुढे आली. ‘संबंधितांविरुद्ध तक्रार प्राप्त आहे’ असा एक ओळीचा शेरा माझ्या प्रस्तावावर पडला आणि प्रस्ताव थांबला. नियम स्पष्ट आहे. निलंबन असेल, दोषारोपपत्र बजावलेलं असेल किंवा न्यायालयात खटला असेल, तर त्या अधिकाऱ्याबद्दलचा समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवतात. नुसती तक्रार आली म्हणजे चौकशी प्रलंबित होत नाही. मी तसा अर्ज केला, आदेशाची प्रत, सुनावणीचं इतिवृत्त आणि तक्रारीवर आधीच दिलेला खुलासा जोडला. प्रमाणपत्र मिळालं, पण त्यात गेलेला वेळ कुणी भरून देत नाही. प्रभारी अधिकारी ‘नियमित अधिकाऱ्यासमोर ठेवा’ असं का लिहितात ते त्या वेळी मला उमगलं. ज्याची फाईल वर चालू आहे, त्याला निर्णय घेणं परवडत नाही. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. चांगल्या हेतूने घेतलेल्या अर्धन्यायिक निर्णयावरची तक्रार आणि भ्रष्टाचाराची तक्रार यांना एकाच तागडीत तोललं, तर निर्णय घेणारी माणसं वरच्या पदांपर्यंत पोहोचणारच नाहीत.

प्रस्ताव उपसंचालक कार्यालयातून पुण्याला मध्यवर्ती इमारतीत, खात्याच्या मुख्य कार्यालयात, आणि तिथून मंत्रालयात गेला. मंत्रालयात मी कामासाठी गेले की दुपारी पासच्या रांगेत उभी राहायचे, वर जाऊन कार्यासनात, म्हणजे आमच्या फाईली हाताळणाऱ्या शाखेत, विचारायचे आणि परत यायचे. मी कुणाला शब्द टाकायला सांगितलं नाही. कार्यासनातले लोक कमी असतात, त्यांच्याकडे विधिमंडळाचे प्रश्न, न्यायालयाची प्रकरणं, बदल्या असं सगळं एकदमच असतं. तिथल्या कक्ष अधिकारी बाईंनी मला तपासणी सूची दाखवली आणि माझ्या नावासमोर कुठलाच रकाना रिकामा नाही एवढं सांगितलं. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. मधल्या ३१ मेला राज्यात आणखी खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यानंतर पसंतीक्रम मागवले गेले. २०२१ च्या महसुली विभाग वाटपाच्या नियमांप्रमाणे माणसं सगळ्या विभागांत वाटून द्यायची असतात. हा नियम मला पटतो, कारण नाहीतर सगळे पुण्याभोवतीच राहतील. मला विदर्भ मिळाला. घरी मुलाची दहावी होती, सासूबाईंची तब्येत बरी नव्हती. काही सहकाऱ्यांनी पदोन्नती नाकारायचा सल्ला दिला. नाकारली की पुढची निवडसूची हातची जाते हे एक कारण होतंच, पण मला ते काम करायचं होतं हे मुख्य. ‘शिक्षणाधिकारी व तत्सम’ या संवर्गातल्या पदोन्नतीच्या आदेशात माझं नाव आलं, ते विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत.

नियमित म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी जुन्या फाईलींचं कपाट उघडायला लावलं. इथेही तेच वाक्य होतं, ‘नियमित अधिकारी रुजू झाल्यानंतर.’ त्या फाईलींची यादी करून सुनावण्यांच्या तारखा लावल्या. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणं, होणार होती, त्यासाठी केंद्रप्रमुखांना बोलावून आधार जुळत नसलेल्या मुलांची नावं शाळानिहाय वाचली. दुर्गम तालुक्यातल्या एका शाळेत पटावरची काही मुलं फक्त आधार नसल्यामुळे मोजली जाणार नव्हती आणि त्यामुळे एक शिक्षक कमी होणार होता. तहसील कार्यालयाशी बोलून तिथे आधारचं शिबिर लावलं. हे प्रभारीलाही करता आलं असतं असं कुणी म्हणेल. येतं, पण पुढच्या वर्षीही आपणच इथे आहोत हे ठाऊक असल्याशिवाय माणूस असं काम हातात घेत नाही.

आता माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांची मी प्रतिवेदन अधिकारी आहे. मार्च संपला की त्यांची स्वयंमूल्यमापनं भरून घेते आणि अहवाल मुदतीत लिहिते. कुणाची बदली झाली आणि तीन महिने भरलेले असले, तर तो कार्यमुक्त होण्याआधी त्याचा अहवाल लिहून होतो. जिल्ह्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांची काही पदं अजून रिक्त आहेत, तिथे विस्तार अधिकारी प्रभार सांभाळताहेत. त्यांच्यातल्या पात्र लोकांची सेवापुस्तकं तपासून, भाषा परीक्षेच्या नोंदींसह, प्रस्ताव उपसंचालकांकडे पाठवला आहे. पुढच्या वर्षी ३१ मेला कोण निवृत्त होणार त्यांची यादीही त्याच प्रस्तावाला जोडली आहे.