पेरणीआधी शंभर दाणे

सोयाबीन उगवलं नाही की मराठवाड्यात दोष दोघांवर जातो: पावसावर, नाहीतर बियाण्याच्या पिशवीवर. दोघांचाही वाटा असतो. पण लातूर, परभणी, हिंगोली, नांदेडच्या पट्ट्यात दर दोन-चार वर्षांनी जी दुबार पेरणी होते, त्यातली बरीचशी मे महिन्यातच टाळता येते, तीही फारसा पैसा न लावता. जूनमध्ये पाऊस पडला की कुणालाच दम निघत नाही, म्हणून हे आताच लिहितोय.

२०२० चा खरीप आठवून पाहा. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सापडलं. शेंगेतला दाणा भिजला, सुकला, परत भिजला. तेच धान्य जूनमध्ये बियाणं म्हणून जमिनीत गेलं आणि न उगवल्याच्या तक्रारींचे ढीग लागले. दाणा वरून चांगला पिवळा, टपोरा दिसत होता. सोयाबीन इथेच फसवतं. त्याचं साल पातळ असतं, अंकुर सालीच्या अगदी खाली असतो आणि दाण्यात १८ ते २० टक्के तेल असल्यामुळे साठवणुकीत त्याची उगवणशक्ती ज्वारी-हरभऱ्यापेक्षा लवकर उतरते. ओलाव्याने ती उतरते, तशी माराने सुद्धा.

मार कुठे बसतो? पहिला मळणी यंत्रात. बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन काढताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या पुढे नकोत. भाड्याने आलेल्या यंत्रवाल्याला लवकर उरकायचं असतं, तो वेग वाढवतो आणि दाणा आतून तडकतो. डाळ पडलेली दिसते, आतली तडक दिसत नाही. म्हणून बियाण्याचा माल सगळ्यात शेवटी, वेग कमी करून वेगळा काढून घ्यावा. दुसरा मार हमालीत बसतो. पोतं पाठीवरून धाडकन टाकलं की खालच्या थरातल्या दाण्यांचा अंकुर दुखावतो. थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नको, खाली लाकडी फळ्या हव्यात, भिंतीला टेकवायचं नाही आणि खताच्या खोलीत तर ठेवायचंच नाही. दुकानातून आणलेल्या पिशवीलाही हेच लागू. पिशवीवर ७० टक्के उगवण छापलेली असते, पण ती तपासणीच्या दिवसाची. त्यानंतर ती पिशवी किती वेळा आपटली हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.

आता चाचणी. 'उगवणक्षमता तपासून पेरणी करा' हे वाक्य प्रत्येक घडीपत्रिकेत असतं, पण काय मोजायचं ते फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे घ्या. दोन वेगळ्या शेतांतला माल एकत्र करू नका, त्यांची चाचणी वेगवेगळी करा. दाणे मिसळून डोळे मिटून घेतल्यासारखे शंभर मोजा. चांगले-चांगले निवडून घेतले तर ती चाचणी स्वतःची फसवणूक ठरते. वर्तमानपत्राच्या कागदाला चार घड्या घालून तो ओला करा, जादा पाणी निथळू द्या, त्यावर दहा दाणे अंतर ठेवून मांडा आणि सैल गुंडाळी करा. अशा दहा गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवा. कागद ओलसर राहिला पाहिजे, पाणी साचायला नको, नाहीतर दाणा कुजतो आणि बियाणं वाईट असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. चौथ्या दिवशी उघडा, मागे राहिलेल्या दाण्यांसाठी सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा बघा.

मोजताना मोड आला म्हणजे उगवला असं धरू नका. सरळ, पांढरं, लांब मूळ आणि दोन्ही डाळी शाबूत असतील तोच दाणा मोजा. ज्याचं मूळ आखूड, बोथट किंवा तपकिरी आहे, ज्याची एक डाळ तुटलीय, कोंबाची मान वळून चिरलीय किंवा ज्याच्यावर बुरशीचा कापूस आलाय, तो गुंडाळीत जिवंत दिसतो पण शेतात वर येत नाही. हे बाजूला काढले की ८० वाटणारा आकडा कधी कधी ६५ वर येतो, आणि खरा आकडा तोच.

कागदावर पास झालेला लॉट मातीत एकदा बघावा असं माझं ठाम मत आहे. भाजीच्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून त्याच शेताची माती भरा, शंभर दाणे ३ ते ४ सेंटिमीटर खोल लावा, बेताचं पाणी द्या आणि आठवड्याने वर आलेली रोपं मोजा. कागदावर उगवण कळते, मातीत जोर कळतो. दोन आकड्यांत मोठं अंतर पडलं तर बियाणं थकलेलं आहे असं समजा.

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं लागतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा: ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५. साठच्या खालचं सोयाबीन मोंढ्यात (बाजारात) घाला, शेतात नको. तिथे बियाणं वाढवून भागत नाही, कारण जे उगवतं तेही अशक्तच असतं.

सोयाबीन सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही, फुलात स्वतःचंच परागीकरण होतं, त्यामुळे चांगलं बियाणं एकदा आणलं की तीन वर्षं घरचं वापरता येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस १८ मे. त्या दिवशी खरीप मेळावा भरतो आणि तिथे एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ अशा विद्यापीठाच्या सोयाबीन वाणांच्या बियाण्यासाठी रांगा लागतात. रांगेत एखादीच पिशवी मिळाली तरी ती बांधाला वेगळ्या तुकड्यात पेरा, भेसळीची झाडं फुलात असतानाच उपटा आणि पुढच्या वर्षाचं बियाणं त्यातून करा. सगळं शेत दरवर्षी विकतच्या पिशवीवर पेरण्यात मला अर्थ दिसत नाही.

बीजप्रक्रियेचा क्रम बुरशीनाशक, कीटकनाशक, जिवाणू असा. कार्बोक्सिन आणि थायरमचं मिश्रण किलोला ३ ग्रॅम. खोडमाशीसाठी थायमिथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. ही दोन्ही कामं आधी उरकता येतात. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू दहा किलोला २५०-२५० ग्रॅम, पेरणीच्या दिवशीच, आणि मग सावलीत सुकवणं. बियाणं हाताने चोळू नका. ताडपत्रीवर घेऊन दोघांनी चारी कोपरे धरून हलवा. पाणी जास्त झालं की साल सुटते, आणि साल सुटलेला दाणा गेलाच.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करायची. हा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा नको, आपल्या शिवाराचा हवा, कारण जूनचा पाऊस ओढ्याच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने मिलिमीटर मोजून वहीत लिहा. तेवढं पुरतं.

खोली ३ ते ४ सेंटिमीटर, पाचच्या पुढे कधीच नाही. तूर आणि हरभऱ्याच्या डाळी जमिनीत राहतात आणि नुसता कोंब वर येतो. सोयाबीनला मात्र दोन जाड डाळी घेऊन माती फोडावी लागते. खोल गेलं, वरून जोराचा पाऊस झाला आणि मग ऊन पडून खपली धरली की मान आतच मोडते. रोटाव्हेटरने भुसभुशीत केलेल्या रानात ट्रॅक्टर जोरात हाणला की फण आपोआप खोल जातात. चार ठिकाणी माती उकरून दाणा कुठे पडतोय ते पट्टी लावून बघा. खपली धरलीच आणि तुषार संच असेल, तर तासभर हलकं पाणी द्या.

यंत्र किती बी टाकतं हेही आधी बघून घ्यावं. ४५ सेंटिमीटरच्या ओळीत एकरी ३० किलो म्हणजे, शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर, ओळीच्या एका मीटरला सुमारे २८ दाणे. फण वर उचलून, खाली पोतं अंथरून किंवा नळीला पिशवी बांधून यंत्र दहा मीटर चालवा. प्रत्येक नळीतून २८० च्या आसपास दाणे पडले पाहिजेत. एखाद्या नळीतून दीडशेच पडत असतील तर ती ओळ सगळ्या शेतभर विरळ राहणार आहे. टपोऱ्या वाणाचे दाणे किलोत कमी बसतात, म्हणून वजनापेक्षा दाणेच मोजा.

काळ्या जमिनीत बी उगवल्यावरचं दुखणं वेगळं. चिकणमाती पाण्याने फुगते, भेगा बुजतात, पाणी थांबतं आणि मुळांना हवा मिळत नाही. गाठींमधले जिवाणू हवेतल्या नत्रावर काम करतात, त्यामुळे पाणी तुंबलं की आठवड्यात पीक पिवळं पडतं. यासाठीच हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीवर काम केलं, आणि आज बीबीएफ (ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वरंबा-सरी) म्हणून जे पेरणी यंत्र मिळतं त्याचं मूळ तिथे आहे. यंत्र मिळालं नाही तर नेहमीच्या पेरणी यंत्राने चार ओळी पेरून पाचवी रिकामी सोडा आणि २०-२५ दिवसांनी कोळप्याला दोरी गुंडाळून किंवा बळीराम नांगराने त्या रिकाम्या पट्ट्यात सरी पाडा. बियाणं ३० ऐवजी २४ किलो लागतं. सरी थेट उताराच्या दिशेने काढू नका, माती वाहून जाते. उताराला आडवी, किंचित ढाळ देऊन काढा आणि तोंड गवताच्या बांधाकडे उघडा. पावसाने ओढ दिली की तेच तोंड मातीने बुजवा, म्हणजे पाणी जागेवर मुरतं. एवढ्या स्वस्तातलं तंत्र अजून कितीतरी गावांत दोन-चार शेतांपुरतंच आहे याची खरंच हळहळ वाटते.

एक गोष्ट उरते, शंखी गोगलगाय. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे तिने उगवलेली रोपं रातोरात साफ केली आणि दुबार पेरणी झाली. उगवण १०० टक्के असली तरी तिच्यापुढे उपयोग नाही. पहिल्या पावसात ती बांधातून, दगडांच्या सांदीतून बाहेर पडते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधालगत टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. बांधाच्या कडेने चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा ओढा. पावसात तो धुऊन जातो, तेव्हा पुन्हा ओढावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या २ टक्के गोळ्या एकरी २ किलो. हे सगळं शेजारच्या चार शेतांनी एकाच आठवड्यात केलं तरच लागू पडतं, एकट्याने वेचून भागत नाही. गोळ्या टाकल्या त्या दिवसापासून कुत्री, कोंबड्या आणि लहान मुलं त्या रानात जाऊ देऊ नका, विष त्यांनाही तेवढंच लागतं.