तुम्ही विचारलंत म्हणून: हॅरी डीन स्टँटनच का?

“एवढे इंग्रजी सिनेमे पाहता, मग आवडता नट कोण?” मी हॅरी डीन स्टँटनचं नाव घेतो आणि समोरचा हमखास म्हणतो, “कोण?” फोटो दाखवला की मात्र, “अरे, हा होय! पाहिलाय याला कुठंतरी.” चरित्र अभिनेत्याच्या नशिबी हेच.

जन्म १९२६चा, केंटकीतला. महायुद्धात नौदलाच्या जहाजावर आचारी. मग टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांमध्ये वर्षानुवर्षं किरकोळ कामं. गाल बसलेले, डोळे थकलेले. हिरोचा चेहरा नव्हेच तो.

‘एलियन’मध्ये (१९७९) तो अंतराळयानावरचा मेकॅनिक आहे, जोडीदार म्हणेल त्याला मान डोलावणारा. मांजर शोधत एकटाच आत जातो. वरून पाणी ठिबकतंय. हा टोपी काढतो, तोंड वर करतो आणि निवांत ते पाणी चेहऱ्यावर घेतो. कथेच्या हिशेबात त्या क्षणी काहीच घडत नाही. पण पाळी संपवून आलेला, घामेजलेला कामगार मला तिथं दिसला. लगेचच त्याचा निकाल लागतो आणि जीव हळहळतो तो त्या टोपीपायी.

नायक व्हायला पन्नाशी उलटावी लागली. दिग्दर्शक विम वेंडर्सचा ‘पॅरिस, टेक्सस’, १९८४, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पाम दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार. सुरुवातीला बराच वेळ हा तोंडच उघडत नाही. शेवटी काचेपलीकडच्या बायकोला फोनवरून सगळं सांगतो, तेही खुर्ची फिरवून, पाठमोरा बसून. दुसऱ्या कुणी तिथं टाळ्या वसूल केल्या असत्या.

आणि त्यानंतर? पुन्हा छोट्याच भूमिका. ‘द स्ट्रेट स्टोरी’त (१९९९) तर तो अगदी शेवटी येतो. वर्षानुवर्षं अबोला धरलेला भाऊ गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला त्याला भेटायला आलाय. स्टँटन त्या यंत्राकडे बघतो, भावाकडे बघतो, डोळे भरून येतात. बस्स.

समीक्षक रॉजर एबर्ट यांचा एक नियमच होता: सहायक भूमिकेत स्टँटन किंवा त्याच्यासारखाच चरित्र अभिनेता एम. एमेट वॉल्श असेल तो सिनेमा अगदीच टाकाऊ असू शकत नाही. पुढे एबर्टना अपवाद सापडले म्हणे. मला अजून नाही!

ऑस्करचं नामांकन एकदाही नाही. २०१७ मध्ये ९१व्या वर्षी गेला. त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘लकी’ अमेरिकेत लागला, त्यात नायक तोच.

कुठून सुरुवात करू, असं विचाराल तर ‘द स्ट्रेट स्टोरी’पासून करा. पण तो येईपर्यंत पुढे पळवू नका, सगळा सिनेमा बघावा लागेल.