बोर्ड तोच, रॅम तीच: तीस हजारांत जुन्या गेमिंग पीसीचं अपग्रेड

माझा पीसी २०१८ मध्ये जुळवलेला. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड आणि आठ-आठच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी रॅम. त्या काळी १०८०पी (फुल एचडी) गेमिंगसाठी ही जोडी उत्तम होती आणि मी तिच्यावर मनापासून खेळले. २०२५ च्या ऑक्टोबरात मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचे, म्हणजे माझ्यासारखे, रायझन नाहीत. त्याच महिन्यात कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या, म्हणजे माझ्या १०६० च्या, नेहमीच्या गेम ड्रायव्हर्सनाही पूर्णविराम दिला. पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार. मशीन चालत होतं, पण आता हात घालणं भाग होतं.

बजेट तीस हजार. डोंबिवलीतल्या आणि मुंबईतल्या ज्या दुकानांत चौकशी केली, तिथे एकच उत्तर मिळालं: बोर्ड जुना झाला, सगळंच बदला. एएम५ या नव्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) बोर्ड, नवा प्रोसेसर, डीडीआर५ रॅम. हिशोब मांडला तर यातच बजेट संपत होतं आणि ग्राफिक्स कार्ड जुनंच राहत होतं. त्यात रॅमच्या किमती नेमक्या तेव्हाच चढायला लागल्या होत्या. म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी मशीन नक्की कुठे अडतंय ते मोजायचं ठरवलं.

आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही मोजमापाच्या प्रोग्रॅमची जोडी फुकट मिळते. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्ड किती टक्के काम करतंय, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर किती भार आहे, फ्रेमटाइमची, म्हणजे एकेक फ्रेम बनायला लागणाऱ्या वेळाची, रेघ कशी आहे, सगळं दिसत राहतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होतं. रिझोल्युशन ७२०पी केलं तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेवढाच. याचा अर्थ कार्ड मोकळं आहे आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही. सायबरपंक २०७७ मध्ये उलट चित्र: कार्ड ९९ टक्के आणि एफपीएस चाळिशीत. शिवाय तो गेम हार्ड डिस्कवर होता, आणि २.० अपडेटपासून त्याला किमान एसएसडी लागते. म्हणजे प्रोसेसर, कार्ड आणि स्टोरेज या तिघांना पैसे द्यायचे, बाकी कशाला नाही.

आता बोर्डाचा प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी कमाई इथेच आहे. बी३५० वर रायझन ५००० मालिका चालणार नाही असं सुरुवातीला रायझन बनवणाऱ्या एएमडीचंच म्हणणं होतं. २०२२ मध्ये कंपनीने भूमिका बदलली आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी नवे बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, दिले. ही बातमी बऱ्याच दुकानांपर्यंत पोचलेलीच नाही. मी बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला मॉडेल नंबर आणि रिव्हिजन टॉर्च धरून वाचला, कंपनीच्या साइटवर त्याच रिव्हिजनची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडली, आणि तिथे रायझन ५ ५६०० होता.

कागदावर १६०० आणि ५६०० सारखेच दिसतात: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. फरक आत आहे. १६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटाला ८ एमबीची वेगळी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाकडचा डेटा हवा असला की वळसा पडतो, आणि गेमिंगमध्ये हे सतत घडतं. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशवर बसतात. बूस्ट, म्हणजे कमाल वेगही, ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर जातो. जास्त कॅशचे एक्स३डी वाले प्रोसेसर याहून सरस आहेत यात वाद नाही, पण या सॉकेटचे एक्स३डी तोवर मिळेनासे झाले होते आणि जिथे होते तिथे बजेटच्या बाहेर.

खरेदीला मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. ग्रँट रोड पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं. तिथे एकाच प्रोसेसरचे दोन भाव ऐकू येतात, बॉक्सचा आणि ट्रेचा. ट्रे म्हणजे खोका नाही, कूलर नाही, आणि वॉरंटी दुकानदार देईल तेवढी. मी बॉक्सवालाच घेतला, पक्क्या बिलावर, १८ टक्के जीएसटीसकट. बिलाशिवाय स्वस्त देतो असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तीन वर्षांत प्रोसेसरला काही झालं तर तो कागदच उपयोगी पडतो. प्रोसेसर ८,७००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,३००, आणि ५५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा पॉवर सप्लाय ४,२००.

पॉवर सप्लाय कशाला, जुना ४५० वॉटचा चालतोय की, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. वॉटचा हिशोब खरंच जुळत होता. पण सात वर्षं मुंबईच्या दमट हवेत आणि धुळीत काढलेल्या सप्लायवर नवीन सामान लावायला माझं मन धजावलं नाही. त्यातले कपॅसिटर वयानुसार थकतात, आणि सप्लाय जाताना कधीकधी शेजारच्या पार्टलाही घेऊन जातो. बजेट कितीही ताणलेलं असलं तरी इथे काटकसर करू नये, हे माझं ठाम मत आहे.

कार्ड सेकंडहँड घेतलं. नवीन एएमडी आरएक्स ६६०० वीस हजारांच्या आसपास होतं. जुनं १३,००० ला मिळालं, कल्याणला इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याकडे. जुन्या कार्डाबाबत सगळ्यांना मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो चलन कमावायला कार्ड रात्रंदिवस राबवल्याची, धास्ती असते आणि ती रास्त आहे. पण ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं, म्हणून मी आधी बिलाची तारीख विचारली. "ताई, बॉक्स पण आहे, बिल पण आहे," म्हणत त्याने दोन्ही पुढे ठेवलं. बिल २०२३ चं होतं. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवला. मग त्याच्याच मशीनवर कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क लावून गप्पा मारत बसलो. तापमान एका जागी स्थिरावलं, पंख्यांचा खरखराट नाही, स्क्रीनवर ठिपके नाहीत. त्याची आई चहा घेऊन आली तोवर सौदा ठरला होता.

या कार्डाची एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. ते स्लॉटच्या आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं, आणि बी३५० वर त्या जुन्या पीसीआयई ३.० च्या वेगाने चालतात. १०८०पी ला फरक थोडाच पडतो, पण ८ जीबी मेमरी भरून वाहायला लागली की जाणवतो. त्यामुळे मी टेक्स्चर एक पायरी खाली ठेवते.

जुळणीच्या दिवशी सर्वांत आधी बायोस, आणि तोही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. माझ्या बोर्डाला प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं बटण नाही, आणि जुन्या बायोसवर ५६०० सुरूच होत नाही. एफएटी३२ पेनड्राइव्हवर फाइल टाकली, शेजारच्या काकांचा यूपीएस मागून आणला आणि मगच अपडेटला हात घातला. ती काही मिनिटं वीज गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो, आणि आमच्याकडे वीज सांगून जात नाही.

त्यानंतर विंडोजची डिस्क. ती जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली होती, आणि विंडोज ११ ला लागणारं यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) व सिक्युअर बूट यांना जीपीटी पद्धत हवी असते. मायक्रोसॉफ्टचंच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता रूपांतर करतं. बॅकअप घेतला, ते चालवलं, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलं. याचा दुसराही फायदा झाला: सीएसएम बंद असल्याशिवाय रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होत नाही, आणि नव्या कार्डाला त्याने चांगली मदत होते.

प्रोसेसर बदलताना माझ्यासारख्या एएम४ सॉकेटवाल्यांनी खास जपायचं. या सॉकेटला वरून दाबणारी चौकट नसते आणि पिना प्रोसेसरला असतात. जुनी थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्यालाच चिकटून येतो, आणि पिना वाकतात. म्हणून आधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद करून वायर काढली, चारही स्क्रू थोडेथोडे सैल केले, आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवला. पेस्टने पकड सोडलेली हाताला कळते. कूलर मी जुनाच ठेवला; १६०० सोबत आलेला रेथ स्पायर हा ५६०० च्या खोक्यातल्या रेथ स्टेल्थपेक्षा मोठा आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: नवीन सीपीयू सापडला, एफटीपीएम रीसेट करायचं का? एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा. घाबरायचं काही नाही. फक्त विंडोजचा डिस्क एन्क्रिप्ट करणारा बिटलॉकर चालू असेल तर तो आधीच थांबवून रिकव्हरी की लिहून ठेवलेली असावी, नाहीतर तुमची डिस्क तुमच्यासाठीच कुलूपबंद होते. माझ्याकडे बिटलॉकर नव्हता, 'वाय' दाबलं आणि विंडोज उघडलं. जुने एनव्हिडिया ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या साधनाने काढले, एएमडीचे टाकले, विंडोज ११ घेतलं.

सायबरपंक आता सत्तरच्या आसपास चालतो, तेही आधीपेक्षा चांगल्या सेटिंगवर. काउंटर-स्ट्राइकमध्ये एफपीएस जवळपास दुप्पट झाला, पण मला जास्त आनंद फ्रेमटाइमची रेघ सपाट झाल्याचा आहे. धुराच्या बॉम्बमध्ये शिरताना बसणारा तो हिसका गेला. आणि एक गोष्ट फुकटात पदरी पडली: माझी ३२०० च्या वेगाची रॅम १६०० प्रोसेसरवर कधी २९३३ च्या वर स्थिर चालली नव्हती, ५६०० वर एक्सएमपी (रॅमच्या ठरलेल्या वेगाची सेटिंग) लावताच पूर्ण वेगाने धावली.

सगळे मिळून २९,२०० गेले. जुना प्रोसेसर आणि १०६० विकायला काढलेत. त्याचे जे येतील ते ३२ जीबी रॅमसाठी बाजूला ठेवणार आहे, पण भाव उतरल्याशिवाय ती घेणार नाही.